दिसले किती, जोडले किती?

एस.टी. स्टँडवर ज्युनिअर कॉलेजची एक मुलगी एका मुलाशी बोलत उभी आहे. गल्लीतले एक गृहस्थ रिक्षातून जाताना तिला पाहतात. घरी आल्यावर पत्नीला सांगतात, "अमक्यांच्या मुलीला आज स्टँडवर पाहिलं. कुणीतरी मुलगा होता." पत्नी शेजारच्या खालाला सांगते, "ती मुलगी हल्ली एका मुलाबरोबर स्टँडवर दिसते म्हणे." खाला मुलीच्या फुफीला गाठते, "तुमच्या भल्यासाठी सांगते, वेळीच लक्ष द्या. उद्या तोंड दाखवायला जागा राहणार नाही." इशाच्या नमाजपर्यंत गोष्ट मुलीच्या अब्बांच्या कानावर पोहोचलेली असते. सोमवारपासून मुलीचे कॉलेज बंद. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली.

असा प्रसंग आपल्यापैकी कुणालाच नवा नाही. गाव बदलते, मोहल्ला बदलतो, गोष्ट तीच राहते. आता जरा थांबून विचार करू या. त्या गृहस्थांनी पाहिले काय? एक मुलगी, एक मुलगा, एक स्टँड आणि जेमतेम अर्धा मिनिट. 'हल्ली' हा शब्द त्यांनी पाहिला नव्हता. 'बरोबर' हाही नाही. हे शब्द वाटेत जोडले गेले. जोडणाऱ्यांपैकी कुणीही जाणूनबुजून खोटे बोलले नाही. प्रत्येकाला वाटले, आपण जे ऐकले तेच सांगतो आहोत. आणि मुलीला मात्र कुणीच विचारले नाही की, बेटा, तो कोण होता? तो वर्गातला असेल, बसची वेळ विचारत असेल, एखादी वही परत करत असेल. ते कळायला एक प्रश्न पुरेसा होता.

पाहिलेल्या गोष्टीला न पाहिलेली गोष्ट जोडायची आणि दोन्ही मिळून 'मी स्वतः पाहिले' असे समजायचे, ही सवय कशी लागते, तिच्यापासून घर आणि समाज कसा वाचवावा, याविषयी या महिन्यात बोलू या.

मन रिकामी जागा ठेवत नाही

स्वयंपाकघरातून जळका वास आला की आपण म्हणतो, "दूध उतू गेलं." आपण दूध पाहिलेले नसते, फक्त वास आलेला असतो. बाकीचे मनाने भरून काढले. ही मनाची खोड नव्हे, ती अल्लाहने दिलेली सोय आहे. प्रत्येक गोष्ट तपासून मगच पाऊल उचलायचे ठरवले, तर साधा रस्ताही ओलांडता येणार नाही.

अडचण एवढीच की मन हे काम गुपचूप करते. गोधडीला ठिगळ लावले तर टाके दिसतात, पण मन ठिगळ लावते तेव्हा टाका दिसत नाही. पाहिलेले कुठे संपले आणि जोडलेले कुठे सुरू झाले, हे आपले आपल्यालाच कळत नाही.

दुधाच्या बाबतीत चूक झाली तर लगेच उमजते. आपण उठून चुलीपाशी जातो आणि पाहतो की दूध ठीक आहे, वास शेजारून येतो आहे. माणसांच्या बाबतीत मात्र आपण उठून पाहायला जात नाही. शिवाय तिथे जोडलेली गोष्ट बहुधा समोरच्याची नियत असते आणि नियत तर डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून माणसांविषयीची चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. कधी कधी ती जनाज्यापर्यंत जाते. दोन भाऊ आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत आणि एकाच्या कबरीवर माती टाकताना दुसरा ओक्साबोक्शी रडतो.

आपली अडचण, दुसऱ्याचा स्वभाव

ईदच्या दिवशी धाकटी भाभी शीरखुर्म्याला आली नाही. दिसले एवढेच की ती आली नाही. पण घरात बोलले जाते, "नवा फ्लॅट घेतल्यापासून जमिनीवर पाय नाहीत तिचे." मागच्या वर्षी आपण स्वतः तिच्याकडे गेलो नव्हतो, तेव्हा मात्र कारण काय होते? "पाहुणे आले होते, छोट्याला ताप होता, रिक्षा मिळाली नाही." आपण चुकलो तर परिस्थिती जबाबदार आणि दुसरा चुकला तर त्याचा स्वभाव! मानसशास्त्राने या सवयीचा बराच अभ्यास केला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली लिहिले की, दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना माणूस स्वभावाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतो आणि परिस्थितीला कमी. माणसाच्या मूलभूत चुकांमध्ये त्यांनी तिची गणना केली.

परिस्थितीचा जोर किती असतो, हे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांच्या १९७३ सालच्या एका प्रयोगात दिसले. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे ख्रिस्ती धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एकेक करून शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले गेले. वाटेत एक माणूस दाराशी वाकून, खोकत, कण्हत बसलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता. काही विद्यार्थ्यांना सांगितले होते की भरपूर वेळ आहे, काहींना सांगितले की वेळेवर पोहोचा, तर काहींना सांगितले की उशीर झाला आहे, लवकर जा. वेळ असलेल्यांपैकी १०० मध्ये ६३ जण या प्रमाणात विद्यार्थी मदतीला थांबले. घाईत असलेल्यांपैकी १०० मध्ये फक्त १० या प्रमाणात. विशेष म्हणजे त्यांतील निम्म्यांना जे भाषण द्यायचे होते, त्याचा विषय वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी प्रवाशाची बायबलमधील कथा हाच होता. तरी फरक पडला तो घाईमुळे.

जे थांबले नाहीत त्यांना आपण वाटेत पाहिले असते, तर काय म्हटले असते? "धर्माच्या गोष्टी सांगतात आणि दगडासारखे मन!" दगडासारखे मन आपल्याला दिसलेच नसते. दिसला असता तो घाईने जाणारा माणूस.

मग मन साक्षीदार गोळा करते

एकदा का मनाने शिक्का मारला की पुढचे काम सोपे होते. 'भाभी घमेंडी आहे' हे ठरले की तिचे प्रत्येक वागणे त्याच साच्यात बसते. ती कमी बोलली तर घमेंड. जास्त बोलली तर दाखवेगिरी. महागडी भेट आणली तर पैशाचा तोरा आणि साधी आणली तर आपल्याला कमी लेखते. ती रात्रभर सासूबाईंच्या उशाशी दवाखान्यात बसली होती, ही गोष्ट मात्र कुणाला आठवत नाही.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० साली याविषयी एक सोपे कोडे घातले. तुम्हीही घरात मुलांना घालून पाहा. त्यांनी लोकांना तीन आकडे दिले: २, ४, ६. सांगितले की हे आकडे एका नियमाप्रमाणे आहेत, तो नियम ओळखा. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही ते आम्ही सांगू. बहुतेकांच्या मनात लगेच आले, 'दोन-दोनने वाढणारे आकडे'. मग ते विचारत राहिले: ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. खात्री पटली आणि त्यांनी नियम सांगितला. तो चूक निघाला! खरा नियम होता, 'प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा असावा', एवढाच. १, ७, ९० हेसुद्धा चालले असते. पण आपला अंदाज खोटा ठरू शकेल असा प्रश्न बहुतेकांनी विचारलाच नाही. फार थोड्यांना पहिल्या खेपेत नियम सापडला.

आपणही घरात असेच करतो. बहिणीला फोन करून विचारतो, "तुलाही तिचं वागणं खटकतं ना?" हा ८, १०, १२ चा प्रश्न झाला. 'हो' हेच उत्तर यावे म्हणून तो विचारलेला आहे. "तिने कुणासाठी धावपळ केलेली तुला आठवते का?" हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या गुमानाला मोडू शकते, म्हणूनच तो विचारायचा.

मदीनेतील तो एक महिना

वाचक भगिनी-बंधूंनो, हे सगळे आपल्यासाठी नवे नाही. इस्लामच्या इतिहासात एक असा महिना येऊन गेला, ज्यात अख्ख्या मदीना शहराला हा धडा शिकवला गेला.

बनू मुस्तलिकच्या मोहिमेहून परतताना हजरत आयशा (रजि.) यांचा मण्यांचा हार हरवला. तो शोधायला त्या मागे गेल्या. इकडे काफिला निघाला. त्यांचा हौदा उंटावर चढवणाऱ्यांना वाटले, त्या आत आहेत. त्या परतल्या तेव्हा तळावर कुणीच नव्हते. कुणीतरी शोधायला येईल म्हणून त्या तिथेच थांबल्या आणि त्यांचा डोळा लागला. लष्कराच्या मागून येणारे सफवान बिन मुअत्तल (रजि.) तिथे पोहोचले. त्यांनी उंट बसवला, हजरत आयशा (रजि.) त्यावर बसल्या आणि सफवान (रजि.) उंटाची दोरी धरून पायी चालत दुपारी काफिल्यापाशी आले.

लोकांनी काय पाहिले? एक उंट, त्यावर बसलेल्या उम्मुल मोमिनीन आणि दोरी धरून चालणारा एक सज्जन सहाबी. बाकी जे काही पसरले ते सगळे जोडलेले होते. जोडण्याची सुरुवात मुनाफिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह बिन उबय याने केली. पण दुःखाची गोष्ट ही की काही साधे, ईमानवाले लोकही त्याला बळी पडले. आणि जिच्याविषयी चर्चा चालली होती, ती मात्र घरात आजारी होती. जवळजवळ महिनाभर तिला पत्ताही नव्हता. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला सर्वांत शेवटी कळते, हा अफवेचा कायमचा नियम आहे.

या प्रसंगातील तीन माणसे आम्हाला फार शिकवून जातात.

पहिल्या, बरीरा (रजि.). त्या घरात काम करणाऱ्या. प्रेषित (स.) यांनी त्यांना विचारले, आयशांमध्ये खटकणारे काही पाहिले का? त्यांनी सांगितले, दोष द्यावा असे काहीच पाहिले नाही. फार तर एवढेच की अजून वय लहान आहे, पीठ मळून ठेवतात, झोप लागते आणि बकरी येऊन पीठ खाऊन जाते. ही खरी साक्ष! जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगितले, त्याच्या पलीकडे एक शब्दही नाही.

दुसऱ्या, हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.). त्या प्रेषितांच्या (स.) पत्नी, म्हणजे हजरत आयशांच्या सवत. हजरत आयशा (रजि.) स्वतः सांगतात की पत्नींमध्ये त्यांची बरोबरी करणाऱ्या कुणी असतील तर त्या जैनबच. मनात काही असते तर बोलायची हीच संधी होती. पण विचारल्यावर त्या म्हणाल्या की मी माझे कान आणि डोळे सांभाळते, आयशांविषयी मला चांगल्याशिवाय काही माहीत नाही. जे ऐकले नाही ते ऐकले म्हणणार नाही, जे पाहिले नाही ते पाहिले म्हणणार नाही. त्यांची बहीण मात्र चर्चेत वाहवत गेली होती.

तिसरे, हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.). सीरतच्या ग्रंथांत येते की त्यांच्या पत्नीने त्यांना विचारले, लोक काय बोलताहेत ते ऐकले का? त्यांनी उलट विचारले, तू त्या जागी असतीस तर असे केले असतेस का? त्या म्हणाल्या, अल्लाहशपथ, कधीच नाही. तेव्हा ते म्हणाले, मग आयशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत. दुसऱ्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहायचे, एवढीच ती कसोटी. आज मानसशास्त्र जे सांगते, ते एका घरात नवरा-बायकोच्या साध्या बोलण्यातून घडले.

अखेर वही आली. सूरह नूरमध्ये हजरत आयशा (रजि.) यांचे निर्दोषत्व स्पष्ट झाले. त्याचबरोबर ईमानवाल्यांना विचारले गेले की ऐकताक्षणी आपल्याच माणसांविषयी चांगले गुमान का केले नाही? आणि हेही बजावले गेले की तुम्ही ही गोष्ट किरकोळ समजत होता, पण अल्लाहपाशी ती फार मोठी होती. सच्चरित्र स्त्रीवर आरोप करणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, न आणल्यास त्याला ८० फटके आणि त्याची साक्ष यापुढे स्वीकारू नये, असा हुकूम याच सूरहमध्ये आहे. स्टँडवर मुलगी दिसली म्हणून तिच्याविषयी बोलणाऱ्यांनी हा हुकूम एकदा शांतपणे वाचावा.

एका आयतीतील तीन पायऱ्या

सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत तीन गोष्टींची मनाई आली आहे: वाईट गुमान, टेहळणी आणि गीबत. त्यांचा क्रम पाहा. आधी मनात संशय येतो. संशय आला की माणूस पुरावा शोधायला निघतो. नवऱ्याचा मोबाईल तपासतो, सुनेचे कपाट उघडतो, जावयाच्या ऑफिसात चौकशी करतो. आणि काही सापडो न सापडो, तिसऱ्या दिवशी तो कुणालातरी सांगतो. घर नेमके याच तीन पायऱ्यांनी खाली येते. म्हणून रोखायचे ते पहिल्या पायरीवर. तिसऱ्या पायरीवर पोहोचल्यावर ओरडून उपयोग नसतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. गैरसमज होऊ शकेल असे वागणे आपले असेल, तर एका वाक्यात खुलासा करणे हीसुद्धा सुन्नत आहे. रमजानमध्ये प्रेषित (स.) एतिकाफला बसले होते. पत्नी हजरत सफिया (रजि.) रात्री भेटायला आल्या. त्यांना पोहोचवायला प्रेषित (स.) निघाले. वाटेत दोन अन्सारी दिसले, ते घाईने पुढे जाऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि सांगितले की या सफिया आहेत. ते दोघे चकित झाले. आम्ही आपल्याविषयी शंका घेऊ का, असा त्यांचा भाव होता. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की शैतान माणसात रक्तासारखा फिरतो, त्याने तुमच्या मनात काही टाकू नये म्हणून सांगितले. ज्यांच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवू शकत नव्हते, त्यांनी खुलासा करण्यात कमीपणा मानला नाही. आणि आपण म्हणतो, "मी कशाला सांगू? ज्याला जे समजायचं ते समजू दे." एक फोन, "छोट्याला ताप आहे, आज येता येणार नाही, शीरखुर्मा ठेवा माझ्यासाठी." एवढ्याने ईद वाचते.

चांगले गुमान म्हणजे भोळेपणा नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हुस्न-ए-जनच्या नावाखाली लोक फसवले जातात आणि दबलेही जातात.

चांगले गुमान नियतीविषयी ठेवायचे, व्यवहारात मात्र सावध राहायचे. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारी लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या हे सांगते. सख्ख्या भावाला पैसे देतानाही कागद करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. उद्या दोघांच्या आठवणीत फरक पडला तर नाते वाचावे, यासाठी तो कागद. स्थळाची चौकशी करणे म्हणजे बदगुमानी नव्हे, ती वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे. झटपट दुप्पट पैसे देणाऱ्या योजनेचा हिशेब मागणे हेही तसेच, मग ती योजना मांडणारा कितीही दीनदार दिसो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जे रोज दिसते आहे, ते गुमान नसते. नवरा हात उचलतो, अंगावर वळ आहेत, खर्चाला पैसे मिळत नाहीत, माहेरी फोन करू दिला जात नाही, अशा मुलीला "चांगलं गुमान ठेव, सबर कर" असे सांगणे हा जुलूम आहे. वळ जोडलेला नसतो, तो दिसलेला असतो. तिथे दिसलेले नाकारून आपणच 'असेल काहीतरी तिची चूक' ही न पाहिलेली गोष्ट जोडत असतो. सवय तीच, फक्त उलट दिशेने. अशा वेळी मुलीच्या पाठीशी उभे राहणे आणि गरज पडल्यास कायद्याची मदत घेणे हेच न्यायाचे आहे.

मुलामुलींवर लक्ष ठेवू नये असेही आम्ही म्हणत नाही. आईवडिलांनी लक्ष ठेवायलाच हवे. पण त्याचा मार्ग मुलांशी बोलण्यातून जातो. ज्या घरात मुलगी अम्मीला मोकळेपणाने सांगू शकते, त्या घराला स्टँडवरच्या बातमीची गरज पडत नाही.

गल्लीतून गावापर्यंत

हीच सवय घरातून बाहेर पडली की माणसांचे जीव घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजारात पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून जगणारे गरीब लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या काळात मोबाईलवरून फिरत होते. लोकांना दिसले पाच अनोळखी माणसे. 'मुले पळवणारे' हे मोबाईलने जोडले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारहाण झाली. मारणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या डोळ्यांनी मूल पळवताना पाहिले होते? एकानेही नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली. पण पहिली मर्यादा तर आपल्या अंगठ्यावर हवी. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. सूरह हुजुरातची ६ वी आयत बातमीची शहानिशा करायला सांगते, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे तरी नुकसान कराल आणि पस्तावाल, असा इशाराही देते.

दाढी पाहून, टोपी पाहून, बुरखा पाहून आपल्याविषयी काय काय जोडले जाते, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. नाव ऐकताच भाड्याचे घर 'आत्ताच गेले' होते, तेव्हा ते किती लागते हेही ठाऊक आहे. म्हणूनच ही सवय सोडण्यात आपण सर्वांच्या पुढे असायला हवे. पण आपल्याच मशिदीत नमाजला हात कुठे बांधले यावरून समोरच्याच्या ईमानाचा निकाल लावला जातो. बिरादरीच्या नावावरून स्थळ नाकारले जाते. शेजारच्या हिंदू कुटुंबाने मिठाई पाठवली नाही तर 'बदलले ते लोक' असे लगेच म्हटले जाते. त्यांच्या घरी सुतक असेल, हे आपल्याला सुचत नाही. जो न्याय आपल्याला हवा, तो आधी आपण द्यायला हवा.

रोजच्या व्यवहारात काय करावे?

पहिले, मनात राग आला की एक कागद घ्या आणि मधे रेघ ओढा. एका बाजूला 'दिसले', दुसऱ्या बाजूला 'जोडले'. 'सासूबाई माझ्या हातचा चहा न पिता उठल्या' हे दिसले. 'त्यांना माझा चहा आवडत नाही, त्यांना मीच आवडत नाही' हे जोडले. लिहून काढले की टाके दिसू लागतात.

दुसरे, त्याच गोष्टीची आणखी तीन कारणे शोधा. त्यांचा नफिल रोजा असेल, साखर वाढली असेल, कुणाचा फोन आला असेल. खरे कारण यांतलेच असेल असे नाही. पण तीन कारणे सुचली की आपल्या पहिल्या कारणाची पकड सैल होते.

तिसरे, ज्याच्याविषयी आहे त्यालाच विचारा, आणि काळजीच्या सुरात विचारा. "ईदला का आली नाहीस?" यात आरोप आहे. "ईदला वाट पाहिली तुझी, सगळं ठीक आहे ना?" यात नाते आहे.

चौथे, तिसऱ्याला सांगणे भागच असेल, तर ज्याच्या हातात सुधारणा आहे त्याच एकाला सांगा आणि बरीरांसारखे सांगा. पाहिले तेवढेच. 'हल्ली', 'नेहमी', 'म्हणे' हे शब्द ओठांवर आले की थांबा.

पाचवे, चुकीची गोष्ट आपल्या तोंडून आधीच पसरली असेल, तर मनातल्या मनात तौबा करून भागत नाही. ज्यांना ज्यांना सांगितले त्यांच्याकडे जाऊन "ते तसं नव्हतं" हेही सांगावे लागते. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठीही एक उदाहरण आहे. हजरत आयशांविषयी बोलणाऱ्यांत मिस्तह (रजि.) हे हजरत अबूबकर (रजि.) यांचे नातेवाईक होते आणि त्यांच्याच मदतीवर जगत होते. बापाच्या मनाला किती लागले असेल! त्यांनी मदत बंद करण्याची शपथ घेतली. पण सूरह नूरमध्ये क्षमा करण्याची हाक आली, तेव्हा त्यांनी ती मदत पुन्हा सुरू केली.

या महिन्यात घरात एक छोटा प्रयोग करावा, असे आम्ही सुचवतो. रात्री दस्तरखानावर सगळे बसले असताना कुणी कुणाविषयी काही सांगू लागले, की घरातल्या सर्वांत लहान मुलाने विचारायचे, "दिसलं की जोडलं?" पहिल्या दोन दिवसांत मोठ्यांना थोडे अवघड जाईल, हसूही येईल. आठवड्याभरात लक्षात येईल की आपल्या निम्म्या तक्रारी त्या एका प्रश्नापुढे टिकत नाहीत. ज्या टिकतील, त्यांच्यावर मात्र शांतपणे बसून बोलायला हवे.

कान, डोळे आणि अंतःकरण, या तिन्हींचा हिशेब द्यायचा आहे. अल्लाह आपल्याला जे पाहिले तेवढेच बोलण्याची आणि जे पाहिले नाही त्याविषयी चांगले चिंतण्याची तौफीक देवो. आमीन.